रुग्णालयाची खिडकी

ब्रिटिश अमदानीत बांधलेल्या एखाद्या जुन्या सरकारी रुग्णालयात आपण कधीतरी गेला असाल. ते पुण्याचे असो, इंदूरचे असो वा हैदराबादचे; बांधणी बहुधा एकाच वळणाची आढळते. लांबच लांब दालन, दोन्ही अंगांना ओळीने मांडलेल्या खाटा, खाटांच्या मधून मधून पुरुषभर उंचीच्या खिडक्या, मान वर करून पाहावे असे छत, आणि छताजवळ दोरीने उघडावयाचे झरोके. बाहेर रुंद व्हरांडा. अशाच एखाद्या आवारात अलीकडे उभी राहिलेली नवी इमारत पाहिली, तर छत खाली उतरलेले दिसते, तावदाने पक्की बसविलेली असतात आणि हवा यंत्रातून येते. पहिली इमारत अज्ञानाच्या काळातली व दुसरी शास्त्राच्या काळातली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. एका अर्थाने तो खोटाही नाही. जुनी खिडकी ज्या सिद्धांताने उघडली तो चुकीचा होता, आणि ती मिटण्याच्या कामी ज्या सिद्धांताचा हातभार लागला तो पुष्कळसा बरोबर होता. असे असूनही रोग्याच्या आणि परिचारिकेच्या फुप्फुसांचा विचार केला, तर पारडे जुन्या खिडकीकडे झुकते. हे कसे घडले, त्याची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

वाईट हवेने रोग होतो ही कल्पना फार जुनी आहे. आपल्याकडे एखाद्या गावाची हवा 'मानवत नाही', अंगाला वारे 'बाधते', आणि आजारातून उठलेल्या माणसाला 'हवापालटा'साठी धाडतात. इटालियन लोकांनी हिवतापाला नावच 'वाईट हवा' असे दिले, आणि मलेरिया हा शब्द तेथून जगभर गेला. कुजके पाणी, घाण, माणसांची गर्दी यांपासून एक दूषित वायू निघतो आणि तोच रोगाचे कारण होय, असे युरोपातील वैद्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मानीत असत. त्यांना पुरावाही दिसत होता. इ. स. १७५० मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात न्यूगेट तुरुंगातील कैदी चौकशीसाठी आणले गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत लॉर्ड मेयर, दोन न्यायाधीश आणि इतर मिळून चाळीसहून अधिक माणसे तुरुंगज्वराने दगावली. न्यायासनावर बसलेल्या माणसाने कैद्याला स्पर्श केलेला नसतो. तेव्हा ज्वर हवेतूनच आला असला पाहिजे! लगेच दोन वर्षांत स्टीफन हेल्स यांच्या योजनेप्रमाणे न्यूगेटच्या छपरावर पवनचक्की बसवून कोठड्यांतील हवा बाहेर ओढण्याची व्यवस्था झाली. तो ज्वर म्हणजे टायफस आणि त्याचा प्रसार कपड्यांतील उवा करतात, हे शार्ल निकोल यांनी दाखविले ते १९०९ मध्ये. पवनचक्कीचा उवांवर काय परिणाम झाला असेल याची कल्पना आपण करू शकतो.

पॅरिसच्या ओतेल-द्य या प्रचंड धर्मार्थ रुग्णालयाची स्थिती याहून भयंकर होती. जाक तेनों या शल्यचिकित्सकाने १७८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात एकेका खाटेवर चार-चार, कधी सहा रोगी निजविले जात असल्याचे नमूद केले, आणि दर साडेचार रोग्यांमागे एक मृत्यू हे प्रमाण मांडले. एक मोठी वास्तू उभारण्याऐवजी सुटी सुटी दालने बांधावीत, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी वारा मिळावा, ही कल्पना या अहवालाभोवती झालेल्या चर्चेतून रुजली.

ती सर्व जगात नेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. क्रिमियाच्या युद्धात नोव्हेंबर १८५४ मध्ये त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. बाईंच्या हातातील दिव्याची कथा आपण शाळेत वाचली आहे, परंतु त्यांच्या आगमनानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तेथील मृत्यू कमी न होता वाढत गेले, ही गोष्ट त्या कथेत सहसा येत नाही. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२.७ होते. मार्च महिन्यात स्वच्छता-आयोगाची माणसे आली; त्यांनी इमारतीखालची तुंबलेली गटारे साफ केली, भिंती चुन्याने रंगविल्या, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत तेच प्रमाण शेकडा २.२ वर आले. या आकड्यांनी नाइटिंगेलबाईंच्या मनाची पकड घेतली ती कायमची. १८५९ मध्ये रुग्णालयांवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी खाटेमागे किती घनफूट हवा, किती खाटांना एक खिडकी, दालनाची रुंदी व उंची किती, हे एखाद्या कसलेल्या अभियंत्याच्या काटेकोरपणाने ठरवून दिले. रोग्याच्या सभोवतीची हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध हवी, मात्र त्याला गारठा लागता कामा नये, हा त्यांच्या शुश्रूषाशास्त्राचा पहिला नियम होता. जंतूंचा सिद्धांत त्यांना दीर्घकाळ पटला नाही. तरी लंडनचे सेंट टॉमस रुग्णालय १८७१ मध्ये याच धर्तीवर उभे राहिले, आणि साम्राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यांमार्फत तो नमुना आपल्या देशातही आला.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ आली तेव्हाही हाच विचार प्रबळ होता. चाळींची कौले काढून आत ऊन-वारा सोडण्यात आला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते आखले, ते समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा या हेतूने. नेमके त्याच वर्षी पोल-लुई सिमाँ यांनी प्लेग उंदरावरील पिसवांतून येतो, असे दाखवून दिले. मुंबईचे ते रस्ते आजही वापरात आहेत. त्यांचे मूळ प्रयोजन मात्र कोणाच्या लक्षात राहिलेले नाही.

दरम्यान लुई पाश्चर यांनी हवेत खरोखर काय असते याचा शोध चालविला होता. १८६० साली त्यांनी पोषक द्रव भरून निर्जंतुक केलेल्या बंद कुप्या निरनिराळ्या ठिकाणी नेऊन क्षणभर उघडल्या व पुन्हा मिटल्या. सपाटीवरील वीस कुप्यांपैकी आठ नासल्या, ज्युरा पर्वतावरील वीसपैकी पाच, आणि आल्प्समधील मेर द ग्लास या हिमनदीवरील वीसपैकी केवळ एक. हवेत जंतू असतात, पण सर्वत्र सारखे नसतात, एवढे त्यातून सिद्ध झाले. जोसेफ लिस्टर यांनी त्यावरून शस्त्रक्रियेत कार्बोलिक आम्ल वापरण्यास १८६५ मध्ये ग्लासगो येथे आरंभ केला. १८७१ पासून ते शस्त्रक्रिया चालू असताना हवेतच त्या आम्लाचा फवारा मारू लागले. त्या तुषारांत रोगी, वैद्य आणि मदतनीस सारेच भिजत. डोळे चुरचुरत, हात सोलून निघत. पुढे प्रयोगांवरून असे दिसले की, जखम चिघळते ती मुख्यतः हात, हत्यारे आणि कापडे यांमुळे. लिस्टर यांनी १८९० मध्ये बर्लिनच्या परिषदेत, हवेतील जंतू मारण्यासाठी आपण फवाऱ्याचा पुरस्कार केला याची आपल्याला लाज वाटते, असे जाहीरपणे सांगितले. इतक्या थोर पदावरील माणसाने इतके स्पष्ट बोलावे, हे सरकारी नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या मला विशेष वाटते.

येथून वारा फिरला. ब्रेस्लाऊ येथील कार्ल फ्ल्यूगे यांनी १८९७ च्या सुमारास बोलताना, खोकताना तोंडातून उडणाऱ्या तुषारांतून जंतू जातात, हे दाखविले. त्याच गावातील मिकुलिच या शल्यवैद्याने तोंडाला जाळीच्या कापडाची पट्टी बांधण्यास सुरुवात केली. फ्ल्यूगे यांच्या प्रयोगांत बारीक कण हवेत तरंगत राहतात याचीही नोंद होती, परंतु लोकांच्या ध्यानात राहिले ते जवळच पडणारे थेंब. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्याधिकारी चार्ल्स चेपिन यांनी १९१० मध्ये 'संसर्गाची उगमस्थाने व मार्ग' या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. रोग बहुधा निकटच्या संपर्काने होतो आणि हवेतून होणारा प्रसार जवळजवळ नगण्य आहे, असे त्यांचे मत. त्यांच्या युक्तिवादात एक व्यावहारिक भाग होता: रोग हवेतून येतो असे लोकांना वाटत राहिले, तर ते हात धुण्याची तसदी घेणार नाहीत. हा युक्तिवाद कोणत्याही प्रशासकाला तत्काळ पटेल असाच आहे. तथापि, लोकांनी काय मानले म्हणजे सोयीचे होईल हा एक प्रश्न, आणि जंतू कोठून येतो हा दुसरा. चेपिनसाहेबांच्या लिखाणात हे दोन्ही एकमेकांत मिसळून गेले.

त्याच वर्षाच्या अखेरीस मांचुरियात प्लेग पसरला. पेनांग येथे जन्मलेले व केंब्रिजला शिकलेले तरुण डॉक्टर वू लिएन-ते हार्बिन शहरी आले. हा प्लेग फुप्फुसाचा असून रोग्याच्या श्वासावाटे पसरतो, असे सांगून त्यांनी सर्वांना कापूस घातलेली जाळीची पट्टी बांधण्याचा आग्रह धरला. मेस्नी हे अनुभवी फ्रेंच डॉक्टर त्यांच्याहून वयाने व अधिकाराने मोठे. प्लेग उंदरांचा व पिसवांचा, हे त्या वेळचे नवे शास्त्र मेस्नींना ठाऊक होते, आणि ते शास्त्र भारतातील संशोधनातून आलेले, खरे शास्त्र होते. ते पट्टी न बांधता हार्बिनच्या रुग्णालयात रोगी तपासू लागले आणि थोड्याच दिवसांत, जानेवारी १९११ मध्ये, प्लेगने वारले. त्यानंतर हार्बिनमध्ये पट्टी बांधण्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागली नाही. परंतु पाठ्यपुस्तकांत ही हकीकत अपवाद म्हणूनच राहिली.

तुषार हवेत गेल्यावर त्याचे पुढे काय होते, याचे गणित विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये मांडले. मोठा थेंब सुकण्याआधीच खाली पडतो. बारीक थेंब पडण्याआधीच सुकतो. त्यातील जंतूसह उरलेला सूक्ष्म कण उदबत्तीच्या धुरासारखा तासन् तास तरंगत राहतो आणि वाऱ्याबरोबर दालनभर फिरतो. या दोहोंमधली सीमारेषा सुमारे शंभर मायक्रॉनची. वेल्स स्वभावाने तऱ्हेवाईक होते व त्यांचे म्हणणे फारसे कोणी ऐकले नाही. अखेर १९५६ नंतर रिचर्ड रायली यांच्या साह्याने बाल्टिमोर येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात निर्णायक प्रयोग झाला. क्षयरोग्यांच्या सहा खोल्यांतील हवा नळाने गच्चीवरच्या एका कोठीत नेली आणि तेथे गिनीपिग ठेवले. प्राण्यांचा व रोग्यांचा संबंध फक्त हवेचा. दोन वर्षांत, सरासरी १५६ प्राण्यांच्या त्या कळपात, ७१ प्राण्यांना क्षयाची लागण झाली. पुढे दुसऱ्या कोठीत जाणाऱ्या हवेवर वाटेतच अतिनील किरण सोडले, तेव्हा त्या कोठीतील एकाही प्राण्याला लागण झाली नाही. वेल्स १९६३ मध्ये वारले. क्षय हवेतून पसरतो हे त्यानंतर मान्य झाले, पण क्षयापुरतेच. शिवाय कोठेतरी एक गफलत झाली. क्षयाचा जंतू फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचण्यासाठी कण पाच मायक्रॉनहून लहान असावा लागतो. हा आकडा वेल्स यांच्या शंभरच्या जागी जाऊन बसला, आणि पाच मायक्रॉनच्या वरचे सर्व कण एक-दोन मीटरवर जमिनीवर पडतात, असे डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या शिकत राहिल्या. हा आकडा आला कोठून, याचा जुने ग्रंथ चाळून काही संशोधकांनी छडा लावला तो २०२१ मध्ये.

इकडे आपल्या देशात हवेचे महत्त्व वेगळ्याच मार्गाने कमी झाले. क्षयाला औषध नव्हते तेव्हा मोकळी हवा हेच औषध होते. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये काढलेले बेल-एअर आरोग्यधाम, किंवा आंध्रातील मदनपल्ली येथील आरोग्यधाम, ही त्या श्रद्धेची स्मारके होत. १९५६ मध्ये मद्रासला क्षयचिकित्सेचे संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे १९३ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडण्यात आले. एका गटाने आरोग्यधामात आणि दुसऱ्याने शहरातील आपल्या दाटीवाटीच्या घरात राहून वर्षभर तीच औषधे घेतली. आरोग्यधामात शेकडा ९२ आणि घरी शेकडा ८६ रोगी जंतुमुक्त झाले. घरच्या माणसांना लागण होण्याचे प्रमाणही अधिक आढळले नाही. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने जगभर आरोग्यधामांची आवश्यकता संपविली. लाखो गरीब कुटुंबांवर त्याचे उपकार आहेत. परंतु त्याचा खरा अर्थ एवढाच होता की, औषध सुरू झालेला रोगी लवकर निरुपद्रवी होतो. ज्याच्या क्षयाचे निदानच झालेले नाही, जो खोकत बाह्यरुग्ण विभागातील बाकावर तीन तास बसला आहे, त्याच्याविषयी मद्रासचा प्रयोग काही सांगत नव्हता. प्रतिजैविकांवरील विश्वास वाढत असतानाच वातानुकूलन आले, जमिनीचे भाव चढले, आणि छते खाली आली. रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात वातानुकूलनाला स्वतंत्र शीर्ष असते; खिडकीला नसते. टेबलावर येणाऱ्या कागदांत हा फरक किरकोळ वाटतो, पण दहा वर्षांनी इमारतीत तो दिसतो.

धोक्याची सूचना मिळाली नव्हती असे नाही. जानेवारी १९७० मध्ये पश्चिम जर्मनीतील मेशेडे गावी पाकिस्तानातून परतलेला एक तरुण देवीच्या रोगाने आजारी पडला. त्याला रुग्णालयात वेगळ्या खोलीत ठेवले होते आणि तो खोलीबाहेर पडला नव्हता. तरी त्याच इमारतीत, वरच्या मजल्यांवरसुद्धा, लोकांना देवी आल्या. त्यांपैकी एक जण तर काही मिनिटांपुरता आला होता आणि त्याने केवळ तळमजल्यावरील एक दार उघडून आत विचारपूस केली होती. नंतर त्या खोलीत धूर सोडून पाहिला, तेव्हा तो अर्धवट उघड्या खिडकीतून बाहेर पडून भिंतीच्या कडेने वर चढताना आणि वरच्या खिडक्यांतून आत शिरताना दिसला. मेशेडेची गोष्ट खिडकीच्या भक्तांनीही लक्षात ठेवावी अशी आहे. नुसती खिडकी असून भागत नाही. वारा कोणाकडून कोणाकडे जातो, हे पाहावे लागते.

पुढचा इतिहास आपल्या सर्वांच्या अनुभवातला आहे. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडचा रोग हवेतून पसरत नाही, असे ठासून जाहीर केले. आपण भाज्या धुतल्या, दारांच्या कड्या पुसल्या, आणि रुग्णालयांत साध्या पातळ पट्ट्या बांधून परिचारिका बंद दालनांत बारा-बारा तास उभ्या राहिल्या. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन या भूमिकेला हरकत घेतली. संघटनेच्या संकेतस्थळावरील मजकुरात हवेतील प्रसाराची स्पष्ट कबुली आली ती एप्रिल २०२१ च्या अखेरीस, म्हणजे आपल्याकडील दुसरी लाट ऐन भरात असताना. संघटनेच्या प्रमुख शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन या मद्रासच्या त्याच क्षयसंशोधन संस्थेच्या एके काळच्या संचालिका. त्यांनी २०२२ मध्ये पदावरून उतरताना, उपलब्ध पुराव्यावरून हे आपण बरेच आधी सांगावयास हवे होते, असे मान्य केले. २०२४ मध्ये संघटनेने थेंब आणि तरंगते कण हा जुना भेदच बाजूला ठेवून, श्वासातून निघणारे लहानमोठे संसर्गी कण अशी एकच संज्ञा स्वीकारली. चौदा वर्षांचा माझा पुतण्या म्हणाला, "काका, एवढं ठरवायला चार वर्षं?" मी त्याला म्हटले की, चेपिनसाहेबांपासून मोजली तर एकशे चौदा होतात.

या साऱ्या वादात मला सर्वांत मोलाचे वाटते ते पेरू देशाच्या लीमा शहरातील एक मोजमाप, कोविडच्या बऱ्याच आधीचे. क्षयाचा तेथे मोठा प्रादुर्भाव. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आठ रुग्णालयांतील सत्तर खोल्यांची पाहणी झाली. खोलीत कार्बन डायॉक्साइड वायू सोडून तो किती वेळात निघून जातो, हे मोजावयाचे. दारे-खिडक्या उघडल्यावर १९५० पूर्वीच्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत खोलीतील हवा तासाला सुमारे ४० वेळा बदलत असे. नव्या इमारतींत १७ वेळा. यंत्राने हवा खेळविलेल्या, खास क्षयासाठी बांधलेल्या खोल्यांत ती शिफारशीप्रमाणे १२ वेळा बदलते असे धरले होते. त्यावरून गणित केले, तर औषध सुरू न झालेल्या क्षयरोग्यांच्या सहवासात चोवीस तास राहणाऱ्यांपैकी यंत्राच्या खोलीत शेकडा ३९, नव्या इमारतीत ३३, आणि जुन्या इमारतीत ११ जणांना लागण होईल, असा अंदाज निघाला. यंत्राला वीज लागते, गाळणी वेळच्या वेळी बदलावी लागते, आणि ते बिघडले तर खोली पेटीसारखी बंद राहते.

अर्थात, सर्वत्र खिडक्या उघडा असे म्हणणे शहाणपणाचे नाही. दिल्लीत जानेवारीच्या रात्री खिडकी उघडून रोगी गारठतो आणि बाहेरचा धूर आत येतो. मुंबईत डास आहेत. अस्थिमज्जारोपण झालेल्या रोग्याच्या दृष्टीने बाहेरच्या हवेतील साध्या बुरशीचे बीजही प्राणघातक ठरू शकते; त्याला गाळलेलीच हवा हवी. शस्त्रक्रियागृहाचेही तेच. परंतु आपल्या जिल्हा रुग्णालयांत जेथे खरी गर्दी असते ती बाह्यरुग्ण विभागाची ओसरी, औषधे देण्याची खिडकी, क्ष-किरणाच्या खोलीबाहेरचा अरुंद बोळ. यांपैकी कोठेही यंत्र बसणार नाही, आणि बसले तरी चालू राहीलच याची शाश्वती नाही.

क्षयनियंत्रणाचे काम करणारे लोक अशा जागी एक साधी तपासणी करतात. डॉक्टर ज्या खुर्चीवर बसतो तेथे उदबत्ती धरावयाची आणि धूर कोणीकडे जातो ते पाहावयाचे. तो डॉक्टरकडून रोग्याकडे व तेथून खिडकीकडे गेला, तर मांडणी ठीक. रोग्याकडून डॉक्टरकडे आला, तर टेबल फिरवून ठेवावयाचे. आणि धूर जागच्या जागी घुटमळत राहिला, तर कपाटामागे झाकलेली खिडकी शोधावी लागते. पुष्कळ ठिकाणी ती सापडते, आणि तिच्या गजांना जुन्या नोंदवह्या टेकून ठेवलेल्या असतात.